स्टेंट बसला म्हणजे सुटलो? अँजिओप्लास्टीच्या आगेमागे होणाऱ्या या चुका टाळा

अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करून तिथे स्टेंट नावाची बारीक जाळी बसवणं. तिच्या बाबतीत बरीच कुटुंबं नेमकी उलटी वागतात. जिथे मिनिटामिनिटाला किंमत असते तिथे ‘गॅस झाला असेल’ म्हणत रात्र काढतात, आणि जिथे चार दिवस विचार करायला हरकत नसते तिथे घाबरून तासाभरात सही करून मोकळी होतात. पेशंट एकदा घरी आला की मग ‘सुटलो’! मी औषधाच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे या गोष्टीचा घरी आल्यानंतरचा भाग मला जास्त दिसतो. टाळता येण्यासारखं नुकसान तिथेच जास्त होतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिणार आहे. पण सुरुवात आधीच्या चुकांपासून.

अटॅकमध्ये वेळ घालवणं

छातीच्या मधोमध दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि हे काही मिनिटांत थांबत नाही, तर तो अटॅक धरूनच चालायचं. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. अशा वेळी इनो, सोडा, छातीला बाम, शेजारच्या काकांचा सल्ला यात तास-दोन तास सहज जातात. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि मेलेला स्नायू नंतर कितीही महागडा स्टेंट टाकला तरी परत येत नाही.

दुसरी चूक तालुक्याच्या गावांत होते. ‘इथे काही होणार नाही, थेट पुण्याला नेऊ’ म्हणून पेशंटला खासगी गाडीत घालून तीन-चार तासांचा प्रवास. खरं तर आधी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढायला हवा. कॅथलॅबमध्ये दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी सुरू होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात देऊन मग पुढे पाठवणं ही मान्य पद्धत आहे. ते इंजेक्शन कोणाला चालतं आणि कोणाला नाही, हे डॉक्टर ठरवतील. गडचिरोलीहून नागपूर किंवा सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठायचं असेल तर हा फरक फार मोठा ठरतो. १०८ ला फोन करा. वाटेत काही झालं तर त्या गाडीत निदान ऑक्सिजन आणि डॉक्टर असतो.

अटॅक नसताना घाई करणं

आता याच्या उलट. चालताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, असं काही महिने चाललंय. किंवा काहीच त्रास नाही, नोकरीच्या तपासणीत स्ट्रेस टेस्ट बिघडली. अँजिओग्राफी होते (वाहिन्यांत डाय सोडून काढलेलं चित्र), पडद्यावर ‘नव्वद टक्के’ अडथळा दिसतो, आणि टेबलावर पेशंट तसाच असताना नातेवाइकांना बाहेर बोलावून विचारलं जातं, ‘आत्ताच करून टाकायची का?’

घाबरलेला माणूस हो म्हणणारच. पण अशा स्थिर आजारात स्टेंटमुळे आयुष्य वाढतं का, याचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. २००७ साली ‘करेज’ या अभ्यासात २,२८७ रुग्ण होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’त ५,१७९. दोन्हींचा सूर एकच: चांगल्या औषधांवर असलेल्या स्थिर रुग्णांत स्टेंट टाकल्याने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं, विशेषतः ज्यांना आधी वारंवार दुखत होतं त्यांचं. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही. तो कशासाठी टाकतोय हे माहीत हवं. हे निष्कर्ष सगळ्यांना लागू होत नाहीत. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असेल, हृदयाचं पंपिंग फार कमी झालं असेल किंवा नुकताच अटॅक येऊन गेला असेल, तर हिशेब वेगळा.

टक्क्यांचंही तसंच. सत्तर टक्के कुठे आहे, मुख्य वाहिनीत की शेवटच्या बारीक फांदीत, यावर सगळं अवलंबून. पडद्यावर मधलाच वाटणारा अडथळा रक्तप्रवाह खरोखर अडवतोय का, हे वाहिनीत दाब मोजणारी बारीक तार घालून पाहता येतं. त्या चाचणीला एफएफआर म्हणतात, आकडा ०.८० किंवा त्याखाली आला तर अडथळा महत्त्वाचा धरतात. ‘एफएफआर करणार का?’ एवढा एक प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत घेतलं म्हणून पहिले डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तर तेही एक उत्तरच.

‘चिरफाड नको, स्टेंटच टाका’

मधुमेह आहे आणि तिन्ही वाहिन्यांत अडथळे आहेत, अशा घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. छाती उघडायची भीती कोणाला नाही? पण नेमक्या याच गटात बायपास सरस ठरते. २०१२ च्या ‘फ्रीडम’ अभ्यासात मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही पाच वर्षांत स्टेंटवाल्या गटात २६.६ टक्के लोकांना झालं, बायपासवाल्या गटात १८.७ टक्क्यांना. पक्षाघात मात्र बायपासनंतर जास्त झाला, हेही खरं. त्यामुळे तीन-चार स्टेंट एका दमात टाकायची भाषा सुरू झाली की बायपासच्या सर्जनशी एकदा बोलून घ्यावं.

सही करण्याआधी न सांगितलेल्या गोष्टी

ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत जिवाचा धोका साधारण एक टक्क्याहून कमी असतो. अटॅकमध्ये रक्तदाब कोसळून शॉक आला असेल तर मात्र तो चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातो, आणि तिथे दोष प्रक्रियेचा नसतो, आजाराचा असतो. बाकीचे धोके म्हणजे रक्तस्राव, वाहिनीला इजा, पक्षाघात, किडनीवर ताण. यातले काही धोके डॉक्टर आधीच कमी करू शकतात, पण त्यांना माहिती मिळायला हवी.

किडनी कमजोर आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे, मागे कधी कॉन्ट्रास्टच्या डायची ॲलर्जी आली होती, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे, अल्सरमधून रक्त गेलं होतं, हे सगळं आपणहून सांगा. आणखी एक गोष्ट लोक हटकून विसरतात: पुढच्या काही महिन्यांत ठरलेलं ऑपरेशन. प्रोस्टेट, हर्निया, गुडघा. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात आणि अशा काळात टाळता येणारं ऑपरेशन शक्यतो पुढे ढकलतात. आधी सांगितलं असतं तर कदाचित स्टेंटच थांबवला असता, किंवा ऑपरेशन आधी उरकलं असतं.

हात किंवा जांघ

अँजिओप्लास्टीची नळी आता बहुतेक ठिकाणी मनगटातून घालतात. रक्तस्राव कमी होतो आणि पेशंट लगेच उठून बसतो. मनगटाजवळ काळं-निळं होणं, थोडं दुखणं चालतं. बोटं गार पडली, बधिर झाली, पांढरी दिसू लागली किंवा सूज वर हाताकडे चढू लागली तर लगेच रुग्णालय गाठायचं. रक्त येऊ लागलं तर हात वर धरून त्या जागेवर अंगठ्याने घट्ट दाबून ठेवा, रुमाल गुंडाळत बसू नका. चार-पाच दिवस त्या हाताने पाण्याची बादली उचलायची नाही.

जांघेतून केली असेल तर एक लक्षण फसवं असतं. बाहेर काहीच दिसत नाही, पण कंबरेत किंवा कुशीत दुखतं, घाम सुटतो, चक्कर येते. पोटाच्या मागे आत रक्तस्राव होत असू शकतो. ‘झोपून पाठ अवघडली असेल’ म्हणून वाट पाहू नये.

गोळ्या

इथे थांबून वाचा.

स्टेंट म्हणजे वाहिनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. तिच्यावर आतल्या पेशींचं अस्तर चढेपर्यंत रक्ताला ती परकी वाटते आणि तिथे गुठळी होऊ शकते. म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल. स्थिर आजारात ही जोडी साधारण सहा महिने, अटॅकनंतर बारा महिने. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत डॉक्टर ती कमीही करतात. पुढे त्यातली एक गोळी, बहुतेकदा ॲस्पिरिन, कायम. मधेच बंद करून स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती हळूहळू होत नाही. वाहिनी एकदम बंद, मोठा अटॅक, आणि त्यातून न वाचणारेही बरेच.

तरी बंद होतातच. कारणं ठरलेली. दात काढायचा आहे, म्हणून कोणीतरी सांगितलं ‘पाच दिवस थांबवा’. एक-दोन दात काढायला सहसा गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत. दंतवैद्याला आधी सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. अंगावर निळे डाग उठले, म्हणून बंद. लग्नाला गावी गेले, पट्टी संपली, तिथल्या दुकानात मिळाली नाही, म्हणून आठवडा बंद. उपास असला की सकाळचीही नाही आणि रात्रीचीही नाही. टिकाग्रेलोरने काहींना उगाच दम लागल्यासारखं वाटतं, हा त्या गोळीचा माहितीतला परिणाम आहे. डॉक्टर ती बदलून देतात. पण न विचारता बंद करणारे आधी दुकानात येऊन सांगतात, डॉक्टरांना नाही.

याच्या बरोब्बर उलटी चूक म्हणजे दुप्पट गोळ्या. आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये रोझुवास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन अशी तिन्ही औषधं मिळतात. रुग्णालयाने डिस्चार्जला ती लिहून दिली. घरी जुनी इकोस्प्रिनची, म्हणजे ॲस्पिरिनचीच, पट्टी होतीच, फॅमिली डॉक्टरांनी दिलेली, तीही चालू. वर कोलेस्ट्रॉलची जुनी ॲटोर्वास्टॅटिन. तीन वेगवेगळी नावं, तीन रंग, पण आत ॲस्पिरिन दोनदा आणि स्टॅटिन (कोलेस्ट्रॉलचं औषध) दोनदा. शौचाला काळी होऊ लागली (आत रक्तस्राव होत असल्याची खूण) की मग धावपळ. उपाय साधा: घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून दुकानात किंवा डॉक्टरांकडे न्या आणि नावामागे छोट्या अक्षरात लिहिलेलं औषध वाचून घ्या. जुनं काय बंद करायचं ते त्याच कागदावर लिहून मागा.

गोळी घ्यायची राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नको. ॲसिडिटीसाठी क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल टाळतात, कारण ते तिचा परिणाम कमी करतं, पॅन्टोप्राझोल चालतं. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, पोटात रक्तस्राव व्हायला तेवढं पुरतं. पॅरासिटामॉल बरी.

आणि स्टॅटिन. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून बंद केली.’ तो गोळीमुळेच नॉर्मल आला होता! एकदा हृदयविकार झाला की एलडीएलचं (वाईट कोलेस्ट्रॉलचं) लक्ष्य ५५ च्या खाली धरतात, आणि लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा तुमच्यासाठी नसते. स्टेंटने एक जागा उघडली. चरबीचा थर बाकी सगळ्या वाहिन्यांत तसाच आहे. काढ्याने किंवा शिरेतून दिलेल्या किलेशनच्या बाटल्यांनी ‘ब्लॉक धुऊन काढतो’ अशा जाहिराती येतात. त्यांच्या भरवशावर या गोळ्या सोडू नका.

तंबाखूचं विचारलं की ‘नाही’ म्हणणाऱ्या आजीबाई सकाळी मिशरी लावतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तीही मोजा.

स्टेंटनंतर छातीत दुखलं तर

क्षणभर टोचून जाणारी कळ, कूस बदलल्यावर किंवा बोटाने दाबल्यावर दुखणं, हे बहुतेकदा स्नायूचं असतं. चालताना येणारा आणि थांबल्यावर जाणारा दाब परत सुरू झाला, विशेषतः पहिल्या वर्षात, तर स्टेंट आतून पुन्हा अरुंद होत असू शकतो. पूर्वी नुसत्या फुग्याने वाहिनी रुंद करत तेव्हा हे तिघांमागे एकाला व्हायचं. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटमध्ये प्रमाण बरंच उतरलंय, पण शून्य नाही. त्या आठवड्यात दाखवून या.

बसल्या जागी दाब आला तर बसूनच सॉर्बिट्रेट (वाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवा, उभं राहून नको, रक्तदाब उतरून पडायला होतं. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८. ‘स्टेंट आहे म्हणजे अटॅक येणार नाही’ हा समज इथे घात करतो. आणि लाजेखातर लपवली जाणारी गोष्ट: लैंगिक ताकदीसाठी घेतलेल्या गोळ्या. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास, टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. डॉक्टरांना आणि निदान बायकोला तरी हे माहीत असू द्या.

कागद

बिलात स्टेंटची किंमत वेगळी, कंपनीच्या नावासह आणि बॅच नंबरसह लिहिलेली असली पाहिजे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली तेव्हाच हा नियम आला. मर्यादा नंतर बदलत गेली, ताजा आकडा विचारून घ्या. अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेत बसते, पण योजनेतल्या रुग्णालयात दाखल होतानाच आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) गाठावं लागतं, बिल भरल्यावर नाही.

डिस्चार्ज कार्ड, सीडी आणि स्टेंटचा स्टिकर चिकटवलेलं कार्ड एका फाइलमध्ये ठेवा आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये. पुढे कधी एमआरआयची वेळ आली की केंद्रावर हमखास अडवतात. आजचे हृदयातले स्टेंट एमआरआयला चालतात, पण तिथल्या माणसाला मॉडेलचं नाव दाखवावं लागतं, आणि ते त्या स्टिकरवरच असतं.