पॅरिसमध्ये क्रोसाँचा क्लास: बुकिंगपासून भट्टीपर्यंत

शाळा ठरवण्याआधी पदार्थ ठरवा. क्रोसाँचं (बटरच्या पदरांच्या, चंद्रकोरी फ्रेंच रोलचं) पीठ मळणं, गार करणं, घड्या घालणं, फुगवणं आणि भाजणं यात सहा तास सहज जातात. त्यामुळे तीन तासांच्या क्लासमध्ये तुम्ही मळलेलं पीठ बाजूला ठेवून आदल्या दिवशीचं पीठ समोर येतं. त्यात गैर काही नाही, पण बुकिंगच्या वेळी एवढं विचाराच: घड्या स्वतःच्या हाताने घालायला मिळतील का? नुसते त्रिकोण कापून गुंडाळायचे असतील तर तो क्लास सोडा. वेळ कमीच असेल तर एक्लेअरचा, म्हणजे आत क्रीम भरलेल्या लांबट पेस्ट्रीचा क्लास घ्या. ते पीठ तीन तासांत शेवटपर्यंत होतं.

वसंतात जाणार असाल तर तारखा बघताना ईस्टरनंतरचा सोमवार, 1 मे आणि 8 मे टाळा, या सुट्ट्या आहेत. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, त्या सकाळचा क्लास नेमका हुकतो. वसंतात स्ट्रॉबेरीचा हंगाम असल्यामुळे फ्रेझिए हा स्ट्रॉबेरीचा केकही शिकवतात. त्याच्या क्रीममध्ये कधीकधी जिलेटिन असतं, शाकाहारी असाल तर आधीच कळवा. अंडं चालत नसेल तर एक्लेअर आणि माकारों (बदामाच्या पुडीची बिस्किटं) बादच. क्रोसाँच्या पिठात ते बहुधा नसतं, फक्त वरून लावतात, तिथे दूध लावता येतं.

आता मुख्य काम. चिरोट्याच्या पोळ्यांमध्ये साटा लावतो, तसंच इथे बटर. फक्त ते पसरायचं नसतं, त्याची अखंड लादी पिठात बंद करायची असते. प्रमाण साधारण असं: मैदा 500 ग्रॅम, पाणी आणि दूध मिळून 280, साखर 60, मीठ 10, ताजं यीस्ट 20 आणि घड्यांसाठी बटर 250. फ्रेंच पिशवीवर टी45 किंवा टी55 लिहिलेलं असतं. आकडा लहान तितकं पीठ पांढरं.

सगळा खेळ बटरच्या तापमानाचा. 13 अंशांच्या आसपास ते बोटाने वाकवलं तर चामड्यासारखं वाकतं. फ्रीजमधून थेट काढलेलं बटर लाटण्याखाली कडकन तुटतं आणि पिठातून त्याचे तुकडे संगमरवरी नक्षीसारखे दिसू लागतात. तिथे थर गेलेच समजा. उलट मऊ पडलं तर पिठात मुरतं आणि क्रोसाँ पावासारखा होतो. तीन पदरी घडी तीनदा घातली की बटरचे 27 थर होतात. दर घडीनंतर अर्धा तास फ्रीज. लाटताना पीठ मागे आकसत असेल तर जोर लावू नका, पुन्हा गार करा.

शेवटी चार मिलिमीटर जाडीला लाटून, नऊ-दहा सेंटिमीटर पायाचे त्रिकोण गुंडाळा आणि 25-26 अंशांत दोन तास फुगू द्या. घाई करून जास्त ऊब दिली तर बटर वितळून ट्रेमध्ये तळं साचतं. ट्रे हलवल्यावर क्रोसाँ थरथरले की तयार. पंख्याच्या ओव्हनमध्ये 175 अंशांना 16-18 मिनिटं. रंग फिका असताना काढले तर आतून कच्चे राहतात, बदामीच्या पुढे जाऊ द्या.

एक्लेअरच्या पिठात एकच खूण लक्षात ठेवा: पातेल्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरेपर्यंत पीठ परतायचं, मग अंडी एकेक करून. उलथन्यावरून पिठाचा त्रिकोणी पदर लोंबला की पुढचं अंडं थांबवा. भाजताना ओव्हन उघडला की ते बसतात.

वहीत कृतीपेक्षा तापमानं टिपून आणा, कृती छापील मिळते. परतल्यावर बिनमिठाचं, 82 टक्के स्निग्धांशाचं बटर घ्या. घरच्या लोण्यात पाणी जास्त असतं, त्याने थर चिकटतात. आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईत करायचंच असेल तर पहाटे, एसी लावून, ओटा बर्फाच्या पिशवीने गार करून.