तेल महागले की खर्चाचा हिशोब कसा मांडावा?

कच्चे तेल महागल्याची बातमी आली की नाशिकमध्ये टेम्पोचे भाडे, भाजी आणि किराणा यांच्या दरवाढीसाठी तेच एक कारण पुढे केले जाते. त्यातली खरी वाढ किती आणि तेलाच्या नावाखाली खपवलेली किती, हे कागद-पेन घेऊन काढता येते.

प्रथम बातमीतला आकडा लिटरवर आणावा. एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर तेल असते. त्यामुळे डॉलर ८५ रुपयांना धरला, तर बॅरलमागे एका डॉलरची वाढ म्हणजे लिटरमागे साधारण ५३ पैसे होतात. भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि त्याचा व्यवहार मुख्यतः डॉलरमध्ये होतो. म्हणून ओपेकने (तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने) उत्पादन घटवले, आखातातले तेल ज्या समुद्रमार्गाने बाहेर पडते त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला किंवा २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर झाली तशी उलथापालथ झाली, तर भावाबरोबर रुपयाची घसरणही पाहावी. तेलाचा भाव स्थिर असतानाही ही घसरण आयात महाग करते.

तरीही खर्च ठरतो तो पंपावरच्या दराने. १६ जून २०१७ पासून देशभर रोजच्या रोज दर ठरवण्याची पद्धत आहे; प्रत्यक्षात मात्र पंपावरचा आकडा कित्येकदा महिनोन्महिने हलत नाही, कारण मधली झळ तेल कंपन्या सोसतात किंवा सरकार शुल्कात फेरफार करते. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर असल्याने दरात केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असतो. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे डेपो असूनही आपल्याला स्वस्त का मिळत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे: डेपो जवळ असल्याने टँकरचा फेरा वाचतो, कर वाचत नाही.

भाड्याचा हिशोब मात्र सावकाश करावा, कारण घासाघीस तिथेच होते. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो घेऊन नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजाराला जाणारी पिकअप जाऊन-येऊन सुमारे ४०० किलोमीटर धावते. लिटरला १२ किलोमीटरचे अॅव्हरेज धरले तर ३३ लिटर डिझेल लागते. डिझेल ५ रुपयांनी वाढले, तर फेरीचा खर्च १६५ रुपयांनी वाढतो, म्हणजे ७५ क्रेटच्या गाडीत क्रेटमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास. गाडीवाला क्रेटमागे १० रुपये वाढवून मागत असेल, तर उरलेले पैसे कशाचे, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. परतीचे भाडे मिळते का, हेही त्याच वेळी विचारावे. कसारा घाट आणि भरलेला माल यांमुळे अॅव्हरेज खाली येते, हे मात्र मान्य करावे लागेल.

शेतकऱ्याची अडचण अशी की वाढलेला खर्च तो पुढे ढकलू शकत नाही. लासलगावच्या लिलावात कांद्याची बोली डिझेल पाहून लागत नाही. त्यामुळे शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून एकच गाडी भरणे हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. द्राक्षबागेत ट्रॅक्टर-ब्लोअरच्या फवारणीबरोबर ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंग पेपर यांचाही विचार करावा, कारण त्यांचे प्लास्टिक पेट्रोलियमपासूनच बनते. हंगामाची खरेदी असेल, तर जुन्या आणि नव्या मालाचे दर दोन-तीन दुकानांत विचारूनच ठरवावे.

घरखर्चात गॅस सिलिंडर आणि रोजचा प्रवास यांची नोंद वेगळी ठेवावी. सातपूर किंवा अंबडला दुचाकीने जाणाऱ्याने महिन्याचे लिटर लिहून ठेवावेत. रुपये लिहिले, तर दर वाढला की वापर वाढला, हे कळत नाही. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी, कारण कमी हवेने इंधन विनाकारण जाते. खाद्यतेलाची वाढ मात्र सगळी डिझेलच्या खात्यावर टाकू नये, कारण पामतेलाचे आयातशुल्क आणि परदेशातले पीक यांचा त्यात मोठा वाटा असतो.

वाढीव भाडे मान्य करताना डिझेलचा त्या दिवशीचा दर पावतीवर लिहून घ्यावा. दर उतरल्यावर भाडे कमी करून मागताना तोच आकडा दाखवता येतो.