वन्यजीव चित्रस्पर्धेची तयारी वर्गात कशी करून घ्यावी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो आणि त्याच्या बरंच आधी चित्रस्पर्धांची पत्रकं हातात पडू लागतात. आमचा वर्ग रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. नऊ वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे एकाच सतरंजीवर बसतात. अशा वर्गाची तयारी व्हायला सहा रविवार लागतात, म्हणून स्वातंत्र्यदिनाच्या आसपास सुरुवात करा. मध्ये गणपतीचा एक रविवार जातोच, तो धरूनच मोजा.

आधी पत्रक मोठ्याने वाचा

कागदाचं माप, वयोगट कोणत्या तारखेला मोजणार, कोणतं माध्यम चालेल, फोटोवरून काढलेलं चित्र चालेल का, हे सगळं पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. क्वार्टर इम्पीरियल म्हणजे 11 × 15 इंच आणि हाफ म्हणजे 15 × 22. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना हे ठाऊक असतं, बाकीच्यांना कागद हातात देऊन दाखवा.

पाहिलेला प्राणी निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्राणी निवडायला सांगितलं की निम्मा वर्ग वाघ म्हणतो. आमच्याकडे एका काकूंनीही वाघच धरला होता.

"काकू, वाघ कुठे पाहिलात?"

"कॅलेंडरवर."

"आणि रोज काय दिसतं?"

थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "मागच्या कुंपणाशी भारद्वाज येतो. गोगलगायी वेचतो."

मग त्यांनी भारद्वाज काढला. मान पुढे, शेपूट जमिनीलगत, पाय जपून टाकत चाललेला. ती चाल कुठल्याही फोटोत सापडली नसती. खार, सरडा, वटवाघूळ, तांबट, नदीकाठचा खंड्या हेही वन्यजीवच आहेत. भीमाशंकरला जाऊन आलेला कुणी असेल तर त्याला शेकरू काढू द्या. आपल्या राज्याचा प्राणी आहे तो, आणि भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली त्याच्यासाठीच जाहीर झालं. पण पाहिलेला असावा, एवढंच माझं म्हणणं.

दुसऱ्या रविवारी वर्ग हॉलमध्ये भरवूच नका. सकाळी साडेसहाला सगळ्यांना नदीकाठी किंवा टेकडीवर न्या. पेन्सिल आणि छोटी वही, बस. एका रेखाटनाला दोन मिनिटं, खोडरबर घरी. घरट्याजवळ कुणी जायचं नाही, मग चित्र अपुरं राहिलं तरी चालेल.

शरीर तपासून घ्या

रेखाटनातल्या शंका आता फोटो बघून दूर करा. एकाच फोटोची नक्कल होऊ नये म्हणून प्रत्येकाने निरनिराळ्या कोनांतले चार-पाच फोटो समोर ठेवावेत. काही चुका दरवर्षी हमखास सापडतात. बगळ्याच्या पायात मध्यावर जो गुडघा वाटतो तो खरं म्हणजे घोटा. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो, म्हणून पाय मागे मोडल्यासारखा दिसतो. काळविटाची पिळाची शिंगं नराला, मादीला सहसा शिंगं नसतात. वाघाची बाहुली गोल, मांजरासारखी उभी चीर नव्हे. बिबट्याच्या बाबतीत तर फारच सांभाळा. ठिपक्यांच्या कड्यात आणखी ठिपके दिसले तर तो जॅग्वार, अमेरिका खंडातला. नेटवरचा फोटो न पारखता घेतला की सह्याद्रीच्या कड्यावर जॅग्वार येऊन बसतो.

आराखडा आणि रंग

काडेपेटीएवढ्या चौकटींत तीन आराखडे करायला लावा आणि त्यातला एक निवडा. प्राणी कागदाच्या मधोमध ठेवून भोवती रिकामी जागा सोडण्याची सवय इथेच मोडते.

जलरंगासाठी 300 ग्रॅमचा कागद घ्या आणि चारही कडा मास्किंग टेपने बोर्डावर चिकटवा. पातळ कागद पावसाळी हवेत फुगतो. भारद्वाजाचं अंग काळं म्हणून डबीतला काळा थापू नका, चित्र मरतं. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळा. गडद रंग मिळतो आणि निळ्याचं प्रमाण वाढवलं की पिसांवरची चमकही येते. पंख विटकरी, डोळा लाल. डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी, एकदाच.

शिकवणाऱ्याने मुलांच्या कागदावर ब्रश टेकवायचा नाही, हे मी फार कळकळीने सांगते. दाखवायचं असेल तर शेजारी दुसरा कागद घ्या. आपण "जरा नीट केलेलं" चित्र बक्षीस मिळवूनही त्या मुलाचं राहत नाही.

पाठवताना

आमची एक चूक सांगते. एका वर्षी पोस्टर कलरची चित्रं मी घाईत थेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. दमट हवेत रंग प्लॅस्टिकला चिकटला आणि एका मुलाच्या खंड्याची निळी पाठ सोलून निघाली. त्याला ते सांगताना मला फार जड गेलं. तेव्हापासून चित्र दोन दिवस वाळू देते, वर बटर पेपर घालते, दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि मगच प्लॅस्टिक.

बांधण्याआधी प्रत्येक चित्राचा फोटो काढा. खिडकीशेजारच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाला समांतर धरून. नाव आणि वयोगट मागच्या बाजूला हलक्या पेन्सिलीने लिहा, कारण जोर दिला तर अक्षरं पुढे उमटतात. शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी पाकीट टपालात पडलं पाहिजे.