प्लंबर घरात शिरण्याआधी: गरम-गार पाण्याच्या पाइपांची तयारी

आमच्या पुण्यातल्या कोथरूडच्या बिल्डिंगला जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, जुने पाइप. बाथरूम फोडल्यावर त्यातला एक तुकडा हातात घेऊन पाहिला, तर गंज साचून आतली वाट पेन्सिलीएवढी उरलेली. सगळी लाइन प्लास्टिकची करायची ठरली आणि तेव्हा कळलं की प्लंबर येण्याआधीचा आठवडाच जास्त कामाचा असतो.

आधी सोसायटीची परवानगी घ्या. ती मागताना दोन गोष्टी विचारून ठेवा. ठोकाठोक कुठल्या वेळेत चालेल, आणि आपल्या फ्लॅटचं पाणी कुठल्या वॉल्व्हने बंद होतं. तो वॉल्व्ह आठवडाभर आधीच फिरवून बघा. आमचा डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत होता, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला. पाना लावताच दांडा हातात आला. मग गच्चीवरची टाकी रिकामी करणं आलं, आणि चार मजल्यांची बोलणी. पुणे महापालिका दुरुस्तीसाठी बहुधा गुरुवारी पाणी बंद ठेवते, शुक्रवारी सकाळी ते कमी दाबाने येतं. तोडफोड त्या दोन दिवसांना टेकून ठेवू नका, आणि पिंप आदल्या दिवशीच भरून घ्या.

आता माल. दुकानात ‘प्लास्टिकचा पाइप द्या’ म्हणालात तर काहीही मिळेल. पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याचा; गीझरच्या पाण्याने तो मऊ पडतो. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी आणि हिरवा पीपीआर हे दोन गरम पाणी सोसतात. सीपीव्हीसीवर भारतीय मानकाचा आकडा आयएस 15778 आणि पीपीआरवर आयएस 15801 छापलेलं आहे ना, ते पाइप फिरवून स्वतः वाचा. सीपीव्हीसीवर एसडीआर 11 किंवा 13.5 असाही आकडा असतो, म्हणजे पाइपाचा बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट ते. आकडा लहान तितकी भिंत जाड, म्हणून 11 घ्या. हा पाइप 23 अंशांना चौरस सेंटिमीटरला 28 किलोचा दाब घेतो, तोच 82 अंशांना जेमतेम 7 किलोचा. पाणी तापलं की पाइपाची ताकद अशी उतरते. गीझरचा काटा 60 च्या पुढे न नेण्याचं हेही एक कारण.

पीपीआर वाईट नाही. 260 अंशांच्या मशीनवर वितळवून जोडला की जोड एकजीव होतो. पण बेसिनखालच्या कोपऱ्यात ते मशीन शिरत नाही, आणि दहा वर्षांनी गळती निघाली तर मशीनवाला शोधत फिरावं लागतं. शिवाय तो तापल्यावर सीपीव्हीसीच्या दुपटीहून जास्त लांबतो. मी सीपीव्हीसी घेतला. ‘गारला यूपीव्हीसी लावू, पैसे वाचतील’ असं प्लंबर हमखास सुचवतो. बाथरूममध्ये तरी ऐकू नका. मिक्सरमधून, म्हणजे गरम-गार एकत्र करणाऱ्या नळातून, गरम पाणी गारच्या लाइनीत उलटं शिरू शकतं.

मापाची गंमत अशी की अर्धा इंची सीपीव्हीसी आतून फक्त साडेबारा मिलिमीटर असतो आणि पाऊण इंची 18. म्हणजे पाणी जायची जागा दुपटीहून जास्त. मुख्य लाइन पाऊण इंची ठेवा, एकेकट्या नळाच्या फाट्याला अर्धा इंची पुरतो. मात्र ‘मोठा पाइप बरा’ म्हणून गरमच्या लाइनीला सरसकट एक इंची टाकू नका. गच्चीवरच्या सोलरपासून खाली 25 मीटर एक इंची पाइप आला, तर त्यात जवळपास 11 लिटर पाणी मावतं. रोज सकाळी पाय पोळण्याआधी एवढं गार पाणी सोडून द्यावं लागतं. आमच्याकडे ते बादलीत धरून कुंड्यांना जातं, पण सगळ्यांकडे एवढ्या कुंड्या नसतात. गच्चीवरच्या उघड्या पाइपाला ऊन लागू देऊ नका. गरमच्या लाइनीवर फोमची नळी चढवा, गारच्या पाइपाला पाण्यातला रंग मारा. ऑइल पेंट नको.

तेल हा सीपीव्हीसीचा शत्रू. जुन्या हाताचे प्लंबर आट्यांना सूत आणि सफेदा (तेलात कालवलेला पांढरा लेप) लावतात. जीआयला ते ठीक होतं, इथे पिशवीतून टेफ्लॉन टेप काढायला लावा. जोड चिकटवायचं सोल्यूशनही सीपीव्हीसीचंच हवं, यूपीव्हीसीचा उरलेला डबा चालत नाही. नळ, अँगल कॉक, गीझर, जिथे जिथे आटे येतात तिथे पितळी आट्यांची फिटिंग आधीच मोजून आणा. मागच्या घरी गीझरखाली प्लास्टिकच्या आट्यांचा एल्बो होता, तो जोर लावून आवळला गेला. सहा महिन्यांनी खालच्या काकू वर आल्या, मोबाइलमध्ये त्यांच्या छताला आलेल्या पोपड्यांचा फोटो घेऊन.

भिंतीवर खडूने आखणी करताना तुम्ही हजर राहा. गरम डावीकडे, गार उजवीकडे, मिक्सरच्या दोन तोंडांत सहा इंच. टाइल आणि तिच्यामागचा माल धरून फिटिंगचं तोंड किती बाहेर हवं हे टाइलवाल्याला त्याच वेळी विचारा. नाहीतर नळ भिंतीत रुततो किंवा पुढे लोंबतो. पाइप कापल्यावर कडेचा भुसा काढतात का, सोल्यूशन दोन्हीकडे लावतात का, पाइप पाव वळसा देऊन आत सारतात का आणि अर्धा मिनिट दाबून धरतात का, एवढं पाहिलं तरी माणूस कळतो. आमच्याने पहिले दोन जोड नीट केले, तिसऱ्याच्या वेळी फोन आला. तो जोड मी पुन्हा करायला लावला.

झरी, म्हणजे पाइपासाठी भिंतीत खोदलेली खाच, बुजवण्याआधी टेस्ट. याला सूट नाही. जोड एक रात्र वाळू द्या, गीझर जोडू नका, सगळ्या तोंडांना प्लग लावा, शॉवरच्या तोंडातून हवा काढत पाणी भरा आणि हातपंपाने 10 किलोपर्यंत दाब चढवून रात्रभर ठेवा. टाकीच्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे एक किलोच दाब येतो, त्यामुळे ‘नळ सोडून बघितलं, गळत नाही’ याला टेस्ट म्हणत नाहीत. पंपावरचा दाबाचा काटा सकाळी जागेवर हवा. हवेच्या कॉम्प्रेसरने कोणी टेस्ट करू म्हणालं तर थांबवा. दाबलेल्या हवेने प्लास्टिक फुटलं की तुकडे उडतात.

काटा हलला नाही की मापाची टेप भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, जमिनीपासूनची मापं दिसतील असा. आमचे फोटो कागदावर छापून डक्टच्या दाराच्या आतून चिकटवले आहेत. परवा टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिलवाला आला, तेव्हा आधी ते दार उघडलं.