आधी पाणी, मग गटार, मग रस्ता

नवा सरपंच निवडून आला की महिन्याभरात मला फोन येतो. "साहेब, निधी आलाय, कोणता रस्ता घेऊ?" जिल्हा परिषदेच्या बांधकामाकडे शाखा अभियंता म्हणून माझी एकतीस वर्षं गेली, बहुतेक अमळनेर, पारोळा, चोपडा या भागात. निवृत्त झालो तरी लोक "साहेब"च म्हणतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: "पहिला पाऊस पडू दे, मग सांगतो." निम्म्यांना वाटतं म्हातारा टाळतोय.

पण खरंच पावसाची वाट बघा. जूनमध्ये पहिला दणका बसला की छत्री घ्या, पँट दुमडा आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाला बरोबर घेऊन गावठाणातल्या सगळ्या गल्ल्या फिरा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कोणाच्या ओट्याला लागतं, नाल्याला कुठे मिळतं, सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. पाऊस उघडला की भिंतींवर गेरूने पाण्याची रेघ मारून ठेवा. अंदाजपत्रकातला कोणताही नकाशा ही माहिती देत नाही.

एकदा बोरी नदीकाठच्या एका गावात गटाराची आखणी करत होतो. दोरी लावली, चुना टाकला. एक आजी ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, पानी तथा जास नही, मन्हा वटावर येस." (पाणी तिकडे जात नाही, माझ्या ओट्यावर येतं.) मी हसून सोडून दिलं. मग मिस्त्रीकडची पाण्याची नळी मागवली. तीच पारदर्शक नळी, पाणी भरून दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडची पातळी कळते. बघतो तर डोळ्यांना जो उतार नाल्याकडे दिसत होता, तो उलटा होता. तीस मीटरमध्ये चार बोटं उलटा. आजींचं बरोबर, माझं चूक.

तेव्हापासून सांगतो, आखणी करताना त्या गल्लीतल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारा आणि नंतर नळी लावून खात्री करा. नळी वापरायला इंजिनियर लागत नाही. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, एवढंच. गटाराला 150 ला 1 एवढा उतार मिळाला तरी पाणी पळतं, म्हणजे तीस मीटरला वीस सेंटिमीटर. तेवढाही मिळत नसेल तर गटाराची दिशा बदला. खोली वाढवत नेली तर शेवटी ते नाल्याच्या तळाखाली जातं आणि डासांची टाकी होते.

आता क्रम. जमिनीखालचं आधी, म्हणजे पाण्याची पाइपलाइन. मग गटार. रस्ता सगळ्यात शेवटी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी उलटं होतं, कारण रस्त्याचं उद्घाटन करता येतं, पाइपचं नारळ फोडायला कोणी येत नाही. मी स्वतः मोजमाप घेतलेली एक काँक्रीट गल्ली दीड वर्षात मधोमध कापली गेली. नळजोडणीचं काम मागाहून मंजूर झालं होतं. चर खणली, पाइप टाकला, वर माती लोटली आणि ठेकेदार निघून गेला. पहिल्या पावसात चर बसली आणि ट्रॉलीचं चाक त्यात अडकलं.

जलजीवन मिशन 2019 च्या 15 ऑगस्टला जाहीर झालं, माणशी रोज 55 लिटरचा हिशेब आहे. तुमच्या गावात ते काम झालंय, चालू आहे की कागदावर आहे, हे विचारल्याशिवाय एकही गल्ली काँक्रीट करू नका. थांबणं शक्यच नसेल तर काँक्रीट टाकण्याआधी दर तीन-चार घरांमागे एक पीव्हीसी पाइप आडवा पुरून ठेवा, दोन्ही टोकं बूच लावून बंद करा आणि भिंतीवर खूण करा. उद्या जोडणीचा नळ त्यातून सरकवता येतो, रस्ता फोडावा लागत नाही. चर बुजवताना माती एकदम लोटायची नाही. वीतभर थर, पाणी, धुम्मस. पुन्हा थर.

पैशाचं गणितही या क्रमाला धरून आहे. पंधराव्या वित्त आयोगात 2021 ते 2026 साठी साठ टक्के निधी बंधित ठेवला होता, निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला चाळीस टक्के अबंधित. सांडपाण्याचं काम बंधितमध्ये बसवलं की अबंधित पैसा रस्त्याला मोकळा राहतो. ग्रामपंचायत विकास आराखड्यात हे आधीच लिहिलेलं हवं. ग्रामसेवक भाऊसाहेब (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण तोंडात भाऊसाहेबच येतं) आराखडा भरताना शेजारी बसा. मागच्या वर्षीचीच यादी पुन्हा उतरवली जाते, हा माझा अनुभव.

आणि रस्ता कोणाचा, हे एकदा बघून घ्या. गावठाणातल्या गल्ल्या तुमच्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज सहा महिने तिथेच झोपतो. तुमचे रस्ते नमुना 23 मध्ये नोंदलेले असतात. ती वही काढा आणि टेप घेऊन प्रत्यक्ष मोजा. वहीत असलेला रस्ता जागेवर सापडत नाही आणि जागेवरचा वहीत नसतो, असं दोन्ही बघितलंय.

आता काँक्रीटच्या कामाकडे येतो. इथे सरपंचाला उभं राहावं लागतं, खुर्ची टाकून का होईना.

आपली जमीन काळी. मे महिन्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो, पावसात तीच फुगून वर येते. त्यावर सरळ काँक्रीट टाकलं तर दोन उन्हाळ्यांत तडे. काळी माती उकरून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. अंदाजपत्रकात हे खोदकाम लिहिलेलं असतं आणि सर्वांत जास्त चोरी इथेच होते, कारण एकदा झाकलं की दिसत नाही. म्हणून झाकण्याआधी मोजा. दर दहा मीटरला खोलीत टेप धरून फोटो, बाजूला गल्लीतली दोन-तीन माणसं उभी. मोजमाप पुस्तिकेत तीच खोली चढली का, हे शाखा अभियंत्याला विचारायला लाजू नका. मी नोकरीत असताना असं विचारणाऱ्या सरपंचाचा राग यायचा, हे कबूल करतो. पण त्याच्या गावात माझं काम चांगलं व्हायचं.

तीन मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर जाड, शंभर मीटर लांब गल्ली म्हणजे पंचेचाळीस घनमीटर काँक्रीट. एम-20 या दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरमागे साडेसहा ते आठ पोती सिमेंट लागतं, मिश्रणावर अवलंबून. म्हणजे तीनशेच्या पुढे-मागे पोती. रिकाम्या गोण्या ग्रामपंचायतीत जमा करायला सांगा आणि रोज संध्याकाळी मोजा. याच्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

खरी गडबड पाण्यात होते. मिक्सरजवळ उभं राहून बघा. पहिले दोन-तीन घमेले बरोबर पडतात. मग पसरवणारा गडी ओरडतो, "जाड होतंय!" मिक्सरवाला पाइप सोडतो. काँक्रीट खिरीसारखं पातळ होऊन पळत सुटतं. गड्याला आराम, तुमच्या रस्त्याचा वरचा थर वर्षात धूळ होऊन उडतो. पोत्याला पंचवीस ते तीस लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पाइप बंद करायला लावा, बादलीने पाणी घालायला सांगा. गडी कुरकुरेल. पसरवायला जड जातं म्हणून व्हायब्रेटर असतो; तो आणलाय का, चालू आहे का, बघा.

मध्यभाग कडेपेक्षा तीन सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणली की काम होतं. साडेचार मीटरवर आडवा सांधा कापायचा, दुसऱ्याच दिवशी. तुम्ही कापला नाहीत तर काँक्रीट स्वतः कापून घेतं, वेडंवाकडं.

ओल्या काँक्रीटमधून पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरून घ्या आणि त्यावर खिळ्याने तारीख आणि तुमची सही कोरा. सही नसलेला ठोकळा प्रयोगशाळेत जाताना बदलू शकतो, एवढंच म्हणतो. अठ्ठावीस दिवसांनी एम-20 चा ठोकळा प्रति चौरस मिलिमीटर 20 न्यूटन भार सोसायला हवा.

आणि मार्चएंड. निधी मार्चमध्ये सुटतो, काम एप्रिल-मेमध्ये चालतं, जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकलेला. त्या उन्हात दुपारी बाराला काँक्रीट टाकणं म्हणजे तव्यावर टाकणं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर टाका. त्यानंतर मातीच्या बारीक पाळ्या घालून वाफे करा, केळीला पाणी देतो तसं पाणी भरून ठेवा. आता बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं, त्याला या उन्हात चौदा दिवस ओलावा हवा. गोणपाट टाकून दिवसातून एकदा शिंपडणं म्हणजे देवाला पाणी दाखवणं. "गावात प्यायला पाणी नाही, रस्त्याला कुठून आणू?" हे ठेकेदार हमखास म्हणतो. पाणी मारण्याचा खर्च त्याच्या दरातच धरलेला असतो. टँकर त्याने आणायचा.

रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या मोरीबद्दल थोडक्यात: नळी 900 मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नका. त्याहून लहान नळीत माणूस शिरून गाळ काढू शकत नाही आणि दोन पावसांत ती बुजते. केळीचे ट्रक जातात त्या वाटेवर नळीवर किमान दोन फूट भराव हवा.

देखभाल हा आपला कच्चा विषय, आणि याचं मला नवल वाटतं. पांझरा नदीवरचे बंधारे आणि फड पद्धती (बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी रीत) शेकडो वर्षं चालली ती कोणत्या निविदेवर नाही. हंगामाआधी लाभधारकांनी मिळून पाट साफ करायचा, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचं, त्याचा मोबदला ठरलेला. त्याच पांझरेवर, साक्री तालुक्यात दातर्तीला, विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सायफन बांधला. साहेबाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पाटकऱ्याचं कोणाला नाही. गटाराला आणि मोरीला पाटकरी नेमा. रोजंदारीवर एक माणूस, 31 मेपर्यंत सगळी गटारं आणि नळ्या मोकळ्या, काढलेला गाळ त्याच दिवशी उचललेला. काठावर ठेवला तर पहिल्या सरीला परत आत.

डांबरी रस्त्याचा खड्डा भर पावसात डांबराने भरू नका, ओल्यावर डांबर चिकटत नाही. तेव्हा खडी-मुरूम दाबून निभवा. दिवाळीनंतर खड्डा चौकोनी कापा, झाडून कोरडा करा, कडांना डांबर लावा, मग भरून दाबा.

शेवटचं काम फक्त पेन आणि दोनशे पानी वहीचं आहे. प्रत्येक कामाच्या करारात दोषदायित्व कालावधी असतो. तेवढ्या काळात काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं आणि त्याची अनामत तोपर्यंत अडकलेली असते. ती तारीख कोणाला आठवत नाही. ठेकेदाराला मात्र बरोबर आठवते. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक रस्त्याची ती तारीख लिहा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवली तर आणखी चांगलं. तारखेच्या दोन महिने आधी, शक्यतो पावसात, पुन्हा छत्री घेऊन त्या गल्लीतून जा, तड्यांचे फोटो काढा आणि लेखी पत्र द्या. पत्राची पोच घ्या. पोच वहीत चिकटवा.