गुरुजींचं आयुष्य लिहून काढताना

आमचे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत गुरुजी होते, पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या गावांत. नव्वदी ओलांडून गेले. त्यांच्यावर पुस्तिका केली तेव्हापासून लोक विचारतात, आमच्या वडिलांचं, आजोबांचं असंच लिहायचं तर सुरुवात कुठून करू?

सेवापुस्तकापासून करा. घरच्या ट्रंकेत त्याची दुय्यम प्रत असते; नसेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात अर्ज द्या. नेमणूक, बदल्या, ट्रेनिंग, रजा, सगळं तारखेनिशी मिळतं. मग त्या प्रत्येक शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टर दाखवण्याची विनंती करा. त्या वर्षांत दाखल झालेल्या मुलांची नावं त्यात असतात आणि त्यातले बरेच जण अजून गावातच भेटतात.

माणसं साल सांगत नाहीत. आमच्याकडे सगळे ‘भूकंपाच्या आधी’ किंवा ‘भूकंपानंतर’ असंच बोलतात. म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. ‘बोर्डाची शाळा होती तेव्हा’ असं कुणी म्हणालं तर तो काळ १९६२ च्या आधीचा, कारण त्या वर्षी जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटलेल्या कोरड्या खाण्याची, आठवण निघाली की १९७२ चा दुष्काळ. अशा खुणा एका कागदावर मांडून ठेवा आणि ऐकलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या शेजारी लिहा.

विद्यार्थ्यांना ‘गुरुजी कसे होते?’ असं विचारलंत तर ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: वर्गात कुठे उभे राहायचे? बोरूला टोक कोण काढून द्यायचं? मार कशासाठी बसला? फोन रेकॉर्डिंगला लावा आणि मध्ये बोलू नका. एका सत्तरीच्या आजोबांनी मला सांगितलं, पावसाळ्यात ओढा चढला की अण्णा धोतर खोचून लहान पोरांना खांद्यावरून पलीकडे नेत. घरी हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. छडीच्या आठवणीही तशाच लिहा. ‘ऋषितुल्य’ वगैरे शब्द शोकसभेत शोभतात, पुस्तिकेत त्यांच्याखाली माणूस दडपतो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम घरातलं आहे. आईशी एकटीशी बोला, मुलं-सुना भोवती नसताना. पगार लांबला की वाणसामान कुठून यायचं? बदली झाली की बिऱ्हाड कोण बांधायचं? शाळेतली चार पोरं जेवायला यायची तेव्हा भाकरी किती थापायला लागायच्या? महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले, हिंगण्याचा आश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं. त्यांचं ‘आत्मवृत्त’ वाचाच, पण सोबत त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ही वाचा. कर्व्यांनी १८९३ साली विधवा आनंदीबाईंशी लग्न केलं; पुढे वाळीत टाकलेल्या घरात संसार कसा ओढला ते आनंदीबाई आपल्या शब्दांत सांगतात. दोन्ही पुस्तकं वाचली की एकाच्या कामाचा भार घरात कुणी उचलला ते समजतं. म्हणून आईचं प्रकरण वेगळं करा, तिच्याच बोलीत, ‘मी’ म्हणून. आमच्या पुस्तिकेत तेच सर्वात मोठं आहे आणि अण्णांना ते आवडलं असतं याची मला खात्री आहे.

छपाई साधी ठेवा. वाचणारे बहुतेक म्हातारे, म्हणून अक्षर मोठं घ्या. फोटोखाली उभ्या-बसलेल्यांची नावं डावीकडून लिहा, ओळखणारं माणूस हयात आहे तोवरच. छापण्याआधी मजकूर आईला मोठ्यानं वाचून दाखवा. ती जे गाळायला सांगेल ते गाळा. सेवापुस्तकातल्या प्रत्येक शाळेला एक प्रत नेऊन द्या आणि शेवटच्या पानावर आपला फोन नंबर घाला. नव्या आठवणी पुस्तिका वाटल्यानंतरच यायला लागतात.