डिग्री मिळाली, आता माजी विद्यार्थी संघात नाव घालायचं का? पैसे भरायच्या आधी हे बघून घ्या

शेवटच्या वर्षाचा रिझल्ट लागला की मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट घ्यायला कॉलेजच्या ऑफिसात जातो ना, बहुतेकांना तो फॉर्म तिथेच पहिल्यांदा मिळतो. हा पण भरून टाका, माजी विद्यार्थी संघाचा आहे, असं क्लार्क सांगतात आणि मागे लाइनीत पंधरा जण उभे असतात म्हणून आपण भरून टाकतो. मी तसाच भरला होता. आजीव सभासद म्हणून पैसे दिले, पावती नंतर देतो म्हणाले ती मिळालीच नाही, आणि पुढची पाच वर्षं संघाकडून एक मेल नाही की एक फोन नाही. खूप वाईट वाटलं होतं, कारण पहिल्या पगारातले पैसे होते ते. नंतर आमच्या डिपार्टमेंटच्या काही सिनियर्सनी वेगळा छोटा संघ काढला त्यात गेले आणि आता सहा वर्षं तिथला हिशोब मीच बघते, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच की ताई जॉइन करू का, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, खिडकीवर उभं राहून पैसे भरू नका. फॉर्म घरी आणा. त्याला सहसा शेवटची तारीख नसते, संघ पुढच्या वर्षी पण असतो आणि तुम्ही पण कायमचे माजी विद्यार्थीच असता.

दुसरं म्हणजे कुठली कामं संघाची नाहीतच ते समजून घ्या, कारण यात खूप मुलांचा गोंधळ होतो. ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा एकत्र अधिकृत कागद, डुप्लिकेट मार्कशीट, डिग्री सर्टिफिकेट, व्हेरिफिकेशन ही सगळी युनिव्हर्सिटीची आणि कॉलेज ऑफिसची कामं आहेत, त्यासाठी सभासद असायची काही गरज नाही. परदेशात अॅडमिशनसाठी ट्रान्स्क्रिप्ट लागणार म्हणून मेंबरशिप घेतली असं सांगणारी मुलं मला भेटलीत, तसं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि मुंबई विद्यापीठाच्या सिनेट म्हणजे अधिसभेच्या निवडणुकीत पदवीधर म्हणून मत द्यायचं असेल तर ते पण वेगळं आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांमधून १० जण निवडून जातात, सप्टेंबर २०२४ मध्ये ही निवडणूक झाली होती, पण त्याच्या मतदार यादीत नाव घालायला विद्यापीठाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. कॉलेजच्या संघाचे आजीव सभासद असलात तरी त्या यादीत आपोआप नाव येत नाही. मला विचाराल तर ही नोंदणी प्रत्येकाने करावी, संघाचं काय ठरवायचं ते नंतर ठरवा.

आता फॉर्म कोणाचा आहे ते बघा. एका कॉलेजात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. कॉलेजचा अॅल्युम्नाय सेल असतो, तो कॉलेजच चालवतं, एखाद्या मॅडमकडे शिकवून वरचं काम म्हणून दिलेला असतो. मग रजिस्टर झालेला संघ, ज्याची स्वतःची कमिटी, स्वतःचं बँक खातं, स्वतःची घटना म्हणजे लिहिलेले नियम. काही ठिकाणी डिपार्टमेंटचा वेगळा, हॉस्टेलचा वेगळा. आणि बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप, तो संघ नाही पण मित्रांना भेटणं एवढंच हवं असेल तर तो पुरतो, त्यासाठी कुठेही पैसे भरायची गरज नाही. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचे पण गुण असतात, रजिस्टर झालेला संघ आहे का आणि त्याने काय काय केलं हे विचारलं जातं, त्यामुळे नॅकचं मूल्यांकन असेल त्या वर्षी एकदम फोन, मेळावे, फीडबॅक फॉर्म सुरू होतात. त्यात चूक काही नाही, कॉलेजचं मूल्यांकन चांगलं झालं तर आपल्याच डिग्रीला बरं. फक्त त्या वर्षीचा उत्साह बघून आजीव वर्गणी भरू नका, नॅक झाल्यावरच्या वर्षी काय चालू आहे ते विचारा.

रजिस्टर आहे का हे बघणं सोपं आहे. लेटरहेडवर किंवा पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. आपल्याकडे असे संघ बहुतेक करून १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवलेले असतात, धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस वरळीला आहे, आणि नोंदलेल्या न्यासाला दर वर्षी ऑडिट झालेले हिशोब तिथे द्यावे लागतात. म्हणून खजिनदाराला सरळ विचारायचं, गेल्या वर्षीचा जमाखर्च बघायला मिळेल का. लाजू नका. मी स्वतः खजिनदार आहे आणि मला कोणी असं विचारलं की आनंद होतो, कारण तो माणूस पुढे कामाला येणार हे कळतं. जिथे या प्रश्नाने कपाळाला आठ्या पडतात तिथे पैसे देऊ नका.

जमाखर्च हातात आला की एकच गोष्ट शोधा, मुलांवर किती खर्च झाला. हॉल, जेवण, शाल-श्रीफळ, स्टेज, फोटोग्राफर हे एका बाजूला लिहा आणि फी भरायला मदत, पुस्तकं, स्कॉलरशिप, लॅबचं सामान दुसऱ्या बाजूला. एखाद्या वर्षी मेळाव्याचा खर्च जास्त असू शकतो, पण तीन वर्षं सलग तसंच दिसत असेल तर तो संघ दर वर्षी एकदा जेवायला भेटणाऱ्यांचा आहे. तसं आवडत असेल तर जरूर जा, भेटीगाठी पण माणसाला लागतात, फक्त माहीत असू दे.

कागद बघून झाले की एकदा प्रत्यक्ष जा. मेळाव्यालाच जायला हवं असं नाही, एजीएमला म्हणजे वार्षिक सभेला किंवा साध्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून गेलं तरी चालतं, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. तिथे भाषणं कमी ऐका आणि गेल्या दोन-तीन वर्षांत पास झालेली पोरं कुठे बसलीत, काय करतायत ते बघा. मागच्या रांगेत बसून मोबाईल बघतायत, की कोणी त्यांच्याकडे रजिस्ट्रेशनचं टेबल, माईक, एखाद्या कार्यक्रमाची पूर्ण जबाबदारी दिलीय? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण हीच. जिथे ६५ वर्षांचे काका आणि २२ वर्षांची मुलगी एकाच टेबलावर बसून स्कॉलरशिपचे अर्ज वाचतायत तिथे डोळे झाकून नाव घाला. मी आमच्या संघात गेले त्या पहिल्याच रविवारी एका सिनियर सरांनी माझ्या हातात अर्जांची फाईल दिली आणि म्हणाले, तू वाच, तुला या मुलांचं जास्त कळेल. त्यात एका मुलाने लिहिलं होतं की कर्जतहून येतो आणि पासचे पैसे नाहीत. त्या अर्जानंतर मी परत जायचं थांबले नाही.

नोकरी मिळेल का, हा प्रश्न मनात असतो सगळ्यांच्या. संघ नोकरी देत नाही, माणसं देतो. अनोळखी सिनियरला मेसेज करून रेफरल द्या म्हटलं की उत्तर येत नाही, पण त्याच माणसाबरोबर तुम्ही दोन शनिवार मॉक इंटरव्ह्यू घ्यायला बसलात तर तोच विचारतो की तुझं काय चाललंय. आणि विचारायचंच असेल तर छोटं विचारा, तुमच्या कंपनीत या पोस्टला नेमकं काम काय असतं, दहा मिनिटं फोनवर बोलाल का, एवढंच. ज्या कॉलेजांचा एखाद्या इंडस्ट्रीशी जुना संबंध आहे, म्हणजे माटुंग्याला व्हीजेटीआय हे इंजिनीअरिंगचं कॉलेज आहे १८८७ पासूनचं, पूर्वी यूडीसीटी म्हणायचे ती केमिकल टेक्नॉलॉजीची आयसीटी आहे १९३३ पासूनची, तिथे पिढ्यानपिढ्या एकाच लाइनमध्ये काम करणारी माणसं आहेत, तिथल्या मुलांना याचा फायदा जास्त. आर्ट्स-कॉमर्सच्या मोठ्या कॉलेजात माणसं शंभर दिशांना गेलेली असतात म्हणून तिथे डिपार्टमेंटचा किंवा एनएसएस, नाटक अशा ग्रुपचा संघ असेल तर तो आधी बघा.

पैशांचं. आजीव आणि वार्षिक असे दोन पर्याय असतील तर पहिली दोन वर्षं वार्षिकच घ्या, जास्त गेले तरी चालतील, कारण आवडलं नाही तर सोडता येतं. मतदानाचा हक्क कुठल्या सभासदाला आहे हे घटनेत वाचा, काही ठिकाणी वार्षिक सभासदाला नसतो. पैसे संघाच्याच खात्यात जातायत ना ते यूपीआयवर नाव बघून पक्कं करा, कोणा पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक नंबरवर देऊ नका, पावती त्याच दिवशी घ्या. ८०जीचं म्हणजे इन्कम टॅक्समधल्या सवलतीचं कोणी सांगितलं तर ती सवलत देणगीवर असते, वर्गणीवर नाही, संघाकडे तशी मान्यता असावी लागते आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असायला हवं. नवीन पद्धतीत ती मिळत नाही. आणि आयआयटी मुंबईच्या १९९८ च्या बॅचने २०२३ मध्ये ५७ कोटी दिले ते वाचून आपण काय देणार असं मनात आणू नका, ते पास होऊन पंचवीस वर्षं झालेले लोक होते. तुमच्याकडे आत्ता वेळ आहे, परीक्षा ताज्या आहेत, इंटरव्ह्यूत काय विचारलं ते लक्षात आहे, मुलांना त्याचाच जास्त उपयोग.

वेळेचं पण मुंबईच्या हिशोबाने बघा. कमिटीची मीटिंग बुधवारी संध्याकाळी साडेसहाला फोर्टला आणि तुम्ही राहता विरारला नाहीतर बदलापूरला, तर महिन्यातून एकदा सुद्धा जमणार नाही, आणि रविवारी ठेवली तर लोकलचा मेगाब्लॉक. म्हणून आधीच विचारा की ऑनलाइन बसता येतं का. नसेल तर सभासद व्हा पण कमिटीत जाऊ नका, वर्षातून दोन शनिवार देते असं स्पष्ट सांगा आणि तेवढे नक्की द्या. महिनाभर धावपळ करून नंतर गायब होणाऱ्यांपेक्षा असे लोक आम्हाला जास्त लागतात.

काही जणांनी आत्ता जाऊच नये असंही मला वाटतं. एज्युकेशन लोनचे हप्ते चालू असतील, घरी एकटाच कमावता असेल तर वर्गणीसाठी जीव तोडू नका, नाव आणि फोन देऊन ठेवा, बास. कॉलेजात त्रास झाला असेल आणि त्या गेटजवळ जायची इच्छा नसेल तर कोणाच्या आग्रहाखातर जाऊ नका. दहा वर्षांनी वाटलं तर जाता येतं.

आणि ठरलं की फॉर्म नीट भरा. कॉलेजने दिलेला ईमेल लिहू नका, तो पुढे बंद होऊ शकतो, स्वतःचा लिहा. यादी कोणाला दिसते, क्लासवाले आणि इन्शुरन्सवाल्यांकडे जात नाही ना ते विचारा, घरचा पत्ता द्यायलाच हवा असं नसतं. मुलींनी डिग्रीवर आहे तेच नाव लिहावं आणि पुढे लग्नानंतर बदललं तर दोन्ही नावं कळवावीत. आमच्याकडे १९८० ते ९० च्या बॅचमधल्या कितीतरी जणी फक्त आडनाव बदलल्यामुळे सापडत नाहीत, रजिस्टरमध्ये नाव आहे, मार्क आहेत, पुढे काहीच नाही, अजून आम्ही दर रविवारी मैत्रिणींच्या मैत्रिणींना फोन करून शोधतोय.